थोडी ढिली पिशवी

७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आणि पत्रात एक काम आहे. कवळ्या बनवण्याच्या आमच्या कारखान्यामागे मोकळी जागा आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे काही जण गोल उभे राहून मुठीएवढी कापडी पिशवी पायाने उडवतात. हात लावायचा नाही, खाली पडू द्यायची नाही. तिला फुटबॅग म्हणतात. पटाईत लोक ती बुटाच्या टोकावर झेलून थांबवतात, तिच्याभोवती पाय फिरवून पुन्हा उडवतात. मला सध्या फक्त पाडता येते. घरी सरावाला एक हवी आहे, आणि मामा शिंपी असताना विकत कशाला घेऊ?

मामींनी कळवलं, की कान गेल्यापासून तुम्ही चार माणसांत जाणं सोडलंत, शेजारच्या न्हाव्याकडची संध्याकाळची बैठकसुद्धा. हे मला अजिबात आवडलेलं नाही. रागावले आहे, पण लोभ कमी झालेला नाही.

तुमची,
भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत पिशवी पाठवली आहे. कापडाच्या आठ कळ्या जोडून, दुहेरी शिलाई, आणि आत चिंध्या अशा ठासल्या आहेत की दाबलंस तर बोट वाकेल, पिशवी नाही. तुझी मामी विचारते, दात करणाऱ्या पोरीला हे पायांचं खूळ कुठून लागलं?

न्हाव्याकडे सगळे हसतात, तेव्हा का हसले ते मला कळत नाही. विचारलं तर कोणीतरी कानाशी ओरडून तोच विनोद पुन्हा सांगतो आणि बाकीचे गप्प बसतात. त्यापेक्षा दुकान बंद केलं की घर गाठलेलं बरं. तुझा लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
मामा


२४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शिलाई सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली आणि वाखाणली. खेळताना मात्र फजिती झाली. तुम्ही ती लोडासारखी भरलीत, त्यामुळे पायावर पडली की टुणकन उडते आणि थेट गटारात जाते. फुटबॅग जरा ढिली हवी. आत चिंध्यांऐवजी बारीक दाणे आणि ते सरकायला जागा असली, की ती पायावर पसरून बसते. पडत्या पिशवीबरोबर पायही थोडा खाली न्यायचा, की झाली झेलून. राग मानू नका.

इथे पिशवी पडली तर माफी मागत नाहीत. मी दर खेपेला मागत होते, तर पॅकिंगवाल्या काकूंनी दटावलं, "सगळ्यांचीच पडते गं. उचल आणि दुसऱ्याला दे." खेळ पुन्हा सुरू करताना पहिला मान दुसऱ्याचा असतो. मामींना नमस्कार. लोभ आहे तो ढिला पडू देऊ नका.

तुमची,
भिंगरी


५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस धुसफुसलो. जन्मभर गिऱ्हाइकं "जरा ढिलं ठेवा" म्हणत आली आणि मी अंगाबरोबर बसवत आलो. आता भाचीचीही तीच तक्रार. शेवटी एक ढिली शिवली, आत बारीक मणी भरले. पण घालून पाहिल्याशिवाय शिंप्याला कपड्यातलं काय कळणार? म्हणून दुकानातच पायावर टाकून पाहिली. पहिल्यांदा ती दिव्याला लागली, दुसऱ्यांदा तुझ्या मामीला. मामीने मला पिशवीसकट बाहेर काढलं.

बाहेर न्हावी गिऱ्हाइकाची वाट बघत उभा होता. पिशवी त्याच्या पायाशी गेली, त्याने परत उडवली. मग इस्त्रीवाला आला. माझ्याकडून पडली तेव्हा माफी अगदी ओठांवर आली होती, पण तुझ्या काकूंचं ऐकलं. उचलली आणि न्हाव्याला दिली. तेव्हापासून रोज खेळतो. तुझ्यासाठी दुसरी शिवायला घेतली आहे, ही मी ठेवून घेतो.

भिंगरे, या खेळात सगळे पायांकडे बघत असतात, बोलायला दम कोणाला असतो! पिशवी इस्त्रीवाल्याच्या टकलावर पडली आणि सगळे हसले. का हसले ते मला दिसलं, मीही त्यांच्याबरोबरच हसलो. काल दिवे लागेपर्यंत चार माणसांत होतो, आणि एकदाही कोणाला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं नाही.

लोभ करतेसच, तसाच करत राहा.

तुझा,
मामा