चाळीस तराजूंचे उद्दिष्ट रद्द करून हातोडा परत घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक साहेब,
वजनमापे कार्यालय, दुसरा मजला

विषय: रोज चाळीस तराजू फोडण्याच्या कामातून मुक्त करून हातोडा आजच ताब्यात घेणेबाबत.
संदर्भ: 'उद्दिष्ट अपूर्ण' असे आपले सात मेमो.

महोदय,

१. अर्जदार हा जप्त केलेले खोटे तराजू फोडणारा शिपाई असून त्याची सेवा अकरा वर्षांची आहे. पूर्वी दिवसाला पाच-सहा तराजू येत. ते फोडून अर्जदार हातपाय धुऊन सरळ घरी जाई. त्याने घरात कधी आवाजही चढवला नव्हता, हे त्याची पत्नी शपथेवर सांगेल. सध्या ती सांगण्याच्या मनःस्थितीत नाही.

२. गेल्या महिन्यात आपण रोज चाळीसचे उद्दिष्ट दिले. जप्ती मात्र सहाचीच राहिली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे अर्जदाराने विनयाने विचारले असता आपण म्हणालात, "ते मला सांगू नकोस. काहीही फोड, पण आकडा भर." सबब अर्जदार बाजारात जाऊन खरे तराजू फोडू लागला. एका भाजीवालीने पारडे सोडले नाही. तिची दोन बोटे चेचली गेली. अर्जदार थांबला नाही आणि त्याला त्या वेळी बरे वाटले, हे लाजेने नमूद करण्यात येत आहे. भांडारपाल आडवे आले, त्यांचे मनगट मोडले. ते रजेवर गेल्याने हातोडा जमा करून घ्यायला कोणी उरले नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे अर्जदारासोबत घरी येऊ लागला.

३. परवा संध्याकाळी आकडा एकोणचाळीसवर अडला होता. अर्जदाराची सहा वर्षांची मुलगी डब्यांची दोन झाकणे दोरीला बांधून दुकान-दुकान खेळत होती. "बाबा, किती किलो देऊ?" असे तिने विचारले. अर्जदाराने घाव घातला. तिचा हात घावापासून जेमतेम चार बोटांच्या अंतरावर होता. मग अर्जदाराने नोंदवहीत चाळीस लिहिले. त्यावर आपण 'शाबास' असा शेरा मारला आहे.

४. पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली. हातोडा घरात आहे तोवर उंबरठा ओलांडणार नाही, असे तिने जाताना सांगितले. तिचे काही चुकले नाही. अर्जदाराला स्वतःच्या हाताची भीती वाटते.

५. तरी आपण स्वतः सही करून हातोडा ताब्यात घ्यावा. मुलगी घरी यावी, एवढेच मागणे आहे. अर्ज टपालात न टाकता अर्जदार हातोड्यासह घेऊन येत आहे. विलंब करू नये, कारण आज एकोणचाळीस झाले आहेत आणि आपल्या टेबलावर काचेच्या पेटीत नमुन्याचा तराजू आहे. निर्णय काहीही होवो, आपण हात तेवढे टेबलावरून काढून घ्यावेत.

आजवर फक्त आपला हुकूमच न मोडलेला,
आपला नम्र,
(सही)
शिपाई, जप्त माल नाश विभाग
दिनांक: आजचा. वेळ: पाचला दहा कमी.

सोबत:
१) सात मेमो
२) 'शाबास' शेऱ्याचे पान
३) डब्याचे चेपलेले झाकण, एक (दुसरे मुलीने सोबत नेले आहे)