घरच्या मैदानावर अजिंक्य

तीर्थस्वरूप दाजींना,

वाकून नमस्कार. (वाकलो ते मनाने. डावा गुडघा मंगळवारपासून शिडीवर चढून-उतरून संपावर गेला आहे. शिडी कशाला लागली, ते पुढे येईल.) ताईलाही नमस्कार सांगावा, ती घेणार असेल तर. गेले तीन आठवडे ती माझा फोन उचलते, माझा आवाज नीट ऐकून घेते आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. पाठच्या भावाला राँग नंबर म्हणणारी बहीण मला एकटीच असावी. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र फेकून देता येतं, पण त्याला मध्येच गप्प करता येत नाही. आमची ही उद्या सकाळी तुमच्याकडे यायला निघते आहे, तिच्या हाती देतो. तुमची पाठ कशी आहे? मी सांगितलेला व्यायाम (भिंतीला टाचा आणि डोकं टेकवून सात मिनिटं; आठ नव्हे) चालू असेलच, असं धरून चालतो.

आता मुद्दा. मी तुमच्या मुलीला, म्हणजे माझ्या सख्ख्या भाचीला, म्हणजे मिरीला, कॉलेजच्या बास्केटबॉल संघातून काढलं, हे तिच्याकडून तुम्हांला कळलं आहेच. तिच्याकडून कुठलीही गोष्ट कळते ती तिखटमीठ लावूनच. (मिरी हे नाव तिला मीच ठेवलं, तेव्हा याबाबत तक्रार करायला मला तोंड नाही.) पण माझी बाजू ऐकायची तर आधी माझी कारकीर्द ठाऊक हवी. तुम्ही मला मेहुणा म्हणून ओळखता. मेहुणा म्हणून माझ्यात काही विशेष नाही, हे मला मान्य आहे. प्रशिक्षक म्हणून आहे.

मी प्रशिक्षक कसा झालो याच्या कॉलेजात तीन कथा सांगतात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. खरी हकीकत अशी. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. (कागदोपत्री आजही तोच आहे. संघ हे "इतर कामे" या रकान्यात येतं, घंटा दुरुस्तीच्या खाली.) अठरा वर्षांपूर्वी, मिरी जन्मली त्याच महिन्यात, मागच्या पटांगणात बास्केटबॉलच्या दोन रिंगा बसवायचं ठरलं. सुताराने शिडीवर चढून रिंग धरली आणि विचारलं, "साधारण इथे ठोकू का?" साधारण! हा शब्द माझ्यासमोर काढू नये, हे तुम्ही जाणता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी धावत जाऊन माझी टेप आणली, जमिनीपासून रिंगेच्या काठापर्यंत मोजलं आणि दोन्ही रिंगा नियमाप्रमाणे तीनशे पाच सेंटिमीटरवर बसवून घेतल्या. दोन्ही बोर्डांच्या मागे लिहिलं, "उंची ३०५ सें.मी. तपासले", खाली सही, तारीख आणि वेळ. प्राचार्य खाली उभे राहून हे बघत होते. म्हणाले, "इतका काटेकोर माणूस आपल्याकडे आहे? मग संघही यांच्याकडेच द्या." तोवर मी बास्केटबॉलचा चेंडू हातातसुद्धा धरला नव्हता. त्या संध्याकाळी धरला, आणि तडक प्रयोगशाळेत नेऊन तराजूत ठेवला. मुलींच्या चेंडूला कमीत कमी पाचशे दहा ग्रॅम हवेत. हा पाचशे चार भरला. दुकानदाराला परत पाठवला. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला विजय.

पुढचं सगळं मी स्वतः शिकलो. नियमांचं पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालं. त्यातली एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पानं नव्हती, आणि टाइमआउट नेमका त्या आठ पानांत होता. त्यामुळे पहिली दोन वर्षं आमच्या मुलींनी कधी दम खाण्याची सुट्टी मागितलीच नाही. बाहेरचे प्रशिक्षक येऊन माझा हात हातात घेऊन म्हणायचे, काय हो जिद्द तुमच्या मुलींची! डावपेच मी प्रयोगशाळेच्या टेबलावर वजनं मांडून शिकलो. पाचशे ग्रॅमचं वजन म्हणजे बोर्डाखाली ठाण मांडणारी, दहा ग्रॅमचं म्हणजे धावणारी. (दहाचं वजन ज्या वर्षी हरवलं, त्या वर्षी आमची डावी बाजू कच्ची राहिली.)

आणि निकाल बघा. अठरा वर्षांत घरच्या मैदानावर शहाण्णव सामने, शहाण्णव विजय. बाहेरच्या मैदानावर त्र्याऐंशी सामने, ब्याऐंशी पराभव आणि एक पावसाने रद्द. (रद्द झाला तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. नियम ते धरत नाहीत. मी धरतो.) दुसरा एखादा असता तर असा निकाल बघून गोंधळला असता. मी अभ्यास केला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्या संघांचे चेंडू रिंगेवरून पलीकडे जात, हे मी पहिल्याच वर्षी टिपलं. कारण उघड होतं, आमच्या मैदानाचं दडपण. आमच्या मुलींचे चेंडू बाहेरगावी रिंगेपर्यंत पोचायचेच नाहीत. कारण तेही उघड होतं, प्रवास. मग मी उपाय सुरू केले. घरचं पाणी बरोबर, घरचा साबण बरोबर, बसमध्ये उभ्याने व्यायाम. एकदा तर आपल्या पटांगणातली बादलीभर माती नेऊन त्यांच्या मैदानावर शिंपडली, मुलींना घरच्यासारखं वाटावं म्हणून. पंचांनी माझ्याच हातात झाडू दिला. तरी त्या अनुभवातून "घरचं मैदान : एक चिंतन" ही बत्तीस पानांची पुस्तिका झाली. तुम्हांला दोन प्रती पाठवल्या होत्या. एक तुमच्या गोदामात दाराखाली अटकाव म्हणून लावलेली मी पाहिली.

अशा प्रशिक्षकाच्या संघात यंदा मिरी आली. पहिल्या दिवशी तिने वीस चेंडू टाकले, वीसच्या वीस वरून पलीकडे. मी प्रेमाने सांगितलं, तुझ्या वडिलांनी तुला चुकीचं शिकवलंय. (तुम्ही गोदामाच्या भिंतीवर तिच्यासाठी रिंग ठोकली आहे, तिच्याबद्दल बोलत होतो. राग नसावा.) तर ही बया रिंगेखाली जाऊन उभी राहिली, हात वर केला, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या संघासमोर म्हणाली, "मामा, तुमची रिंग खाली आहे."

मैदानावर मी मामा नाही, सर आहे, हे आधी सांगितलं. मग तिला बोर्डामागे नेऊन तो मजकूर दाखवला. हाच मजकूर मी यापूर्वी एका पाहुण्या प्रशिक्षकालाही दाखवला होता. तारखेखाली वेळ वाचून त्या माणसाने माझी क्षमा मागितली होती. मिरीने सगळं वाचलं आणि म्हणाली, "ही तुमची सही आहे. उंची कुठंय?"

दाजी, हे शब्द ताईच्या पोटी जन्मलेल्या मुलीचेच असू शकतात. मी तिला पटांगणाला दहा फेऱ्या मारायला लावलं. फेऱ्या मारून आली आणि धापा टाकत पुन्हा म्हणाली, "खाली आहे." दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बाकीच्या मुली रिंगेखाली उभ्या राहून हात वर करून बघू लागल्या. संघात एक प्रशिक्षक असतो, दोन नाही. मी तिला काढलं. त्यात नातं आणलं नाही, राग आणला नाही. फक्त शिस्त आणली. ती म्हणाली, "ठीक आहे मामा, पण मोजून तर बघा." मी बघितलं नाही. एकदा तपासलेलं पुन्हा तपासणं म्हणजे स्वतःच्या सहीवर अविश्वास.

यंदा स्पर्धेचे अंतिम फेरीआधीचे सगळे सामने आमच्याच मैदानावर होते, आणि आम्ही मिरीशिवायच, ओळीने सगळे सामने जिंकत अंतिम फेरीत पोचलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. प्राचार्यांना भरून आलं. पटांगणात रिंगेच्या वर फलक लावायचं त्यांनी ठरवलं, "सलग अठरा वर्षे घरच्या मैदानावर अजिंक्य", खाली माझं नाव. आयुष्यात माझं नाव प्रयोगशाळेच्या कपाटाशिवाय कुठे लागलेलं नाही (आणि तिथेही "फुटल्यास जबाबदार" याच्या पुढे). मंगळवारी दुपारी रंगारी आला. फलक किती उंचीवर येईल हे बघायला त्याने शिडी लावली, स्वतःची टेप काढली आणि रिंगेपासून खाली सोडली.

"साहेब, दोन मीटर नव्वद."

"काय नव्वद?"

"रिंग तुमची."

"तीनशे पाच आहे ती. मागे लिहिलंय बघ."

"लिहिलेलं कशाला मोजू? मी रिंग मोजली."

मी स्वतः शिडीवर चढलो. त्याच्या टेपने मोजलं, दोनशे नव्वद. माझ्या टेपने मोजलं, तीनशे पाच. पलीकडची रिंग, तेच. मग दोन्ही टेपा पटांगणात शेजारी-शेजारी पसरल्या, आणि तेव्हा दिसलं की माझी टेप पंधरापासून सुरू होते. शून्य ते पंधरा तिच्यावर नाहीच. टोकाचा पत्र्याचा हूक मात्र दोन रिबिटांनी असा सुरेख बसवलेला, की संशय यायला जागा नाही. म्हणजे अठरा वर्षं आमच्या मुली पंधरा सेंटिमीटर खालच्या रिंगेवर तयार होत होत्या, आणि पाहुण्या मुली खऱ्या उंचीवर चेंडू टाकत होत्या, तो हवेत जात होता. दडपण नव्हतं. प्रवास नव्हता. बत्तीस पानं होती. (चूक झाली तीही दोन्ही रिंगांना सारखी, एका मिलिमीटरचाही फरक नाही. हे मला नमूद करावंसं वाटतं.)

आता दाजी, ही टेप कुणाची? तुमची. माझ्या लग्नात तुम्हीच दिलेली, पिवळ्या डबीतली. मी आरोप करत नाही. पण भेट देताना माणसाने ती शून्यापासून सुरू होते का, एवढं तरी बघावं. शहाण्णव विजयांची अशी अवस्था झाली, याचं तुम्हांला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. मिरीला काढण्याचं कारण शिस्त हे होतं, उंची हे नव्हतं, तेव्हा तो निर्णय कायम आहे.

बाकी सगळं ठीक. पाठीला जपावं. सात मिनिटं.

आपला मेहुणा,
(प्रशिक्षक)

ता. क. हिची बॅग अजून भरून झालेली नाही, म्हणून लिहितो. टेप तुम्हांला पुरावा म्हणून पाठवावी असा विचार होता. हिने पुसायला डबी उघडली, तर झाकणाच्या आतून चिकटवलेली चिठ्ठी निघाली. हिने विचारलं, "हे अक्षर कुणाचं हो?" चिठ्ठीवर आहे, "पहिले १५ सें.मी. गंजल्याने कापून हूक नव्याने बसवला. प्रत्येक मापातून १५ वजा करणे." खाली सही, तारीख, वेळ. रिंगा बसवण्याच्या दोन वर्षं आधीची. सही माझी आहे. त्या दिवशी प्राचार्य बघत होते, सुतार बघत होता, आणि वजा करायचं राहून गेलं. वरचा टेपबद्दलचा परिच्छेद वाचला असल्यास विसरावा. (खोडला असता, पण पत्रात खाडाखोड मला चालत नाही.)

ता. ता. क. काल, बुधवारी, दोन्ही रिंगा वर घेतल्या. रंगाऱ्याने शिडी धरली. मग सराव. मुलींनी चाळीस चेंडू टाकले, तीन रिंगेत पडले. बाकीचे रिंगेच्या खालून गेले, बसमधून उतरल्यावर जायचे तसेच. आणि अंतिम सामना येत्या रविवारी आहे, समोरच्या संघाच्या मैदानावर. प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "पण फलक तर रंगवून झालाय." मी म्हटलं, मजकूर खरा आहे, राहू द्या, फक्त "अजिंक्य"च्या पुढे कंसात "रिंगेची उंची : २९० सें.मी." एवढं घालू. ते म्हणाले, फलकावर कंस नसतात. मी म्हटलं, माझ्या फलकावर असतो. रंगाऱ्याने कालच घातला. अक्षर बारीक आहे, पण वाचता येतं.

शेवटचं. वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा. तुमच्या गोदामाच्या भिंतीवरची रिंग तुम्ही कशाने मोजली होती कुणास ठाऊक, पण ती बरोबर आहे, हे आता मला कळलं आहे. संपूर्ण संघात खऱ्या उंचीवर हात बसलेली एकच मुलगी आहे आणि तिला मी घरी बसवलं आहे. रविवारी सामन्याआधी तिला आमच्या पटांगणात पाठवा. ताईला मध्ये घालू नका, मिरीलाच विचारा. मैदानावर मामा म्हणाली तरी चालेल. (सामन्यात एकदाच.) तिला सांगा, बोर्डामागचा जुना मजकूर मी पुसला आहे. नवीन लिहिलाय, "उंची ३०५ सें.मी. तपासले." तारीख घातली आहे, वेळ घातली आहे. सहीची जागा मोकळी ठेवली आहे. येताना तिनं तुमच्या गोदामातली टेप घेऊन यावी, आधी स्वतः मोजावं, मग तिनंच सही करावी.