शिखरावरच्या सह्या

६ फेब्रुवारी १९६४

पोचलो एकदाचा! चार हजार आठशे मीटर उंचीवर चढून आलो आणि दोन्ही पाय अजून माझ्याच ताब्यात आहेत. माझा मेहुणा नाबोर पाठीवर रॉकेलचा डबा, रेडिओची बॅटरी आणि माझी वळकटी घेऊन शीळ वाजवत चढला. मी ही रोजनिशी तेवढी उचलली, तरी दर वीस पावलांवर बसत होतो. दाजी, तुम्ही पोचेपर्यंत तुमचं पोर चालायला लागेल, असं तो म्हणाला. उत्तर सुचलं होतं, पण बोलायला दम नव्हता.

खोली दगडी आहे, ज्वालामुखीच्या तोंडाच्या अगदी काठावर. काठाकाठाने दोनशे पावलांवर तापमापकांची पांढरी पेटी, आणि तिथवर लोखंडी खांबांना बांधलेला दोर. काम सोपं आहे. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा असं पेटीपाशी जायचं, आकडे नोंदवहीत लिहून पुढे सही करायची आणि रेडिओवरून खाली गावात यंत्रावर बसणाऱ्या मेलेसियोला सांगायचे. चौदा दिवसांनी, वीस तारखेला, मी खाली. माझ्या बायकोचे, ओब्दुलियाचे दिवस महिनाअखेर भरतात. आमचं पहिलंच. तोवर मी घरी असेन.

निघताना सासूबाईंनी आजोबांसाठी गोड पाव आणि पुल्केची, आमच्याकडच्या गावठी दारूची, बाटली दिली. डोंगराला गावात आजोबाच म्हणतात. तरुणपणी सासूबाईंना वीज चाटून गेली, तेव्हापासून गावासाठी आजोबांकडे पाऊस मागायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी बजावलं की वर गेल्यावर आलेली हवा सांगावी, न आलेली सांगू नये. न आलेली बोलून दाखवली की आजोबा ती मागितलीच असं धरतात. आणि स्वतःच्या सुखासाठी मागणारा त्यांचा गडी होतो. मी म्हटलं, आई, सरकार मला आकडे लिहायलाच पगार देतं. त्यावर म्हणाल्या, "मग दिसेल तेवढंच लिही, शहाण्या."

९ फेब्रुवारी

मजेत आहे. सूर्य उगवला की डोंगराची टोकदार सावली पश्चिमेला थेट गावाच्या शेतांपर्यंत जाते आणि तासाभरात गोळा होऊन पायाशी येते. मी कॉफी पीत ती बघत बसतो. ज्वालामुखीच्या तोंडातल्या भेगांतून वाफ निघते. तिथली जमीन इतकी ऊन की बर्फ ठरत नाही, म्हणून मोजे मी तिथेच वाळवतो. मोज्यांना सडक्या अंड्यांचा वास येतो, आता कॉफीलाही येऊ लागलाय. पाणी धड तापायच्या आधीच उकळतं. घेवडा दोन दिवस चुलीवर आहे आणि अजून दातांशी भांडतोय. उन्हात मान भाजते, सावलीत कान गोठतात. जेवतोस ना, असं ओब्दुलियाने रेडिओवर विचारलं. पोटभर, असं ठोकून दिलं.

११ फेब्रुवारी

सकाळपासून उत्तरेचा वारा. दोरावर बर्फाचे दात आलेत, आणि ते वाऱ्याच्या तोंडाकडेच वाढतात. दुपारी पेटीचं दार हातोडीने फोडून उघडलं. परतलो तेव्हा दोन बोटं पांढरी पडली होती. सहाला जायची छाती झाली नाही. मग आमच्या हवामान खात्यात सगळे करतात आणि कोणी कबूल करत नाही ते केलं. चुलीशी बसून आकडे लिहिले.

लेखणी हातात होतीच, म्हणून एकोणीस तारखेपर्यंतचं अख्खं पान भरून टाकलं. सगळं वादळच लिहिलं. ऊन लिहिलं तर खालून कोणीही मान वर करून खोटं पकडेल. वादळात कुठलाही आकडा खपतो. उणे चौदा, उणे पंधरा, हिमवर्षाव, दृश्यता शून्य. प्रत्येक ओळीपुढे माझी सही. आता आठ दिवस पाय पसरून झोपायचं.

१३ फेब्रुवारी

मन खाऊ लागलं म्हणून दोन वाजता पेटीशी गेलो. पानावर उणे १४.२ होतं. पाराही १४.२ वरच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हटलं. सहाला पुन्हा गेलो. लिहिलं होतं तेच.

मेलेसियो सांगत होता की गावात बर्फ पडतोय, चाळीस वर्षांत असं कोणी पाहिलं नाही. सासूबाई घरोघर विचारत फिरताहेत, ही हवा मागितली कोणी?

१४ फेब्रुवारी

पान फाडलं आणि चुलीत घातलं. नव्या पानावर मोठ्या अक्षरात निरभ्र लिहिलं. सही नाही केली, हात धजेना.

दोनला बाहेर उणे १५.६. जळलेल्या पानावर हाच आकडा होता. मला चांगला आठवतो.

१५ फेब्रुवारी

ओब्दुलियाला कळा सुरू झाल्या. दोन आठवडे आधीच! मेलेसियोचं बोलणं संपायच्या आत मी बूट चढवले आणि निघालो. तीन तास उतरत होतो. उतारच होता, गुडघ्यांना कळतं ते. मग हात लाकडाला लागला.

पांढरी पेटी. घड्याळात दोन. जळलेल्या पानावर आजच्या दोनपुढे माझी सही होती.

१६ फेब्रुवारी

आज दोनदा निघालो. दोनदा पेटी.

रेडिओवर सासूबाईंना सगळं कबूल केलं. मग म्हणाल्या, "काय करून बसलास रे पोरा." जिथे हजर आहे म्हणून सही केलीस तिथे तुला हजर राहावं लागणार. एकोणीस सरू दे. तोवर काही मागू नकोस, काही लिहू नकोस.

१७ फेब्रुवारी

मुलगी झाली. मुलगी! एकटाच नाचलो, धाप लागून पडलो.

फार लहान आहे म्हणे. सरपण ओलं आहे. दोन बायका तिला आळीपाळीने छातीशी धरून बसल्यात. ऊब धरत नाही—

१९ फेब्रुवारी

बॅटरी संपत आली. मेलेसियोचं एवढंच ऐकू आलं की ती दूध ओढत नाही. आमच्या घरी छताच्या आतून बर्फ—

शेवटची सही आजची. उद्या मोकळा.

२० फेब्रुवारी

निघालो. पेटी आली नाही. पाईनची पहिली झाडं आली! ओरडलो, झाडाला मिठी मारली.

मग मागे पाहिलं. शिखर लख्ख, निळ्या आभाळात. आणि वादळ माझ्याभोवती. शंभर पावलं उतरलो, ते शंभर पावलं उतरलं. पुढचं हिरवं झाड मी पोचताच पांढरं झालं. थांबलो की थांबतं. खाली गावात धूर दिसत होता, आमच्या घराचाही असेल.

सासूबाई म्हणाल्या होत्या तसा मी आजोबांचा गडी झालोय, मी घरी गेलो तर हे तिच्या पाळण्यापर्यंत येणार.

तासभर बसून राहिलो. जावं, नुसतं एकदा बघावं, असं वाटत होतं. फार वाटत होतं. मग वर वळलो.

२१ फेब्रुवारी

पुन्हा खोलीत. बॅटरी मेली.

माझा माझ्यावर भरवसा नाही, उद्या पुन्हा उतरेन. म्हणून वहीच्या सगळ्या ओळी भरल्या. निरभ्र, निरभ्र, निरभ्र. जूनपासून पाऊस लिहिला, मका पेरायचा असतो. गारा कुठेच नाहीत. प्रत्येक ओळीपुढे सही. शेवटच्या पानापर्यंत मी इथेच हजर.

ऊन पडलंय. गावापर्यंत स्वच्छ दिसतंय.

२२ फेब्रुवारी

नाबोर आला. दारात उभा राहून हाका मारतोय, दाजी, ओ दाजी. मी खाटेवर बसलोय, त्याच्यासमोर. त्याचा हात माझ्या खांद्यातून आरपार गेला आणि त्याने चादर उचलली—

बूट बघितले. वही चाळली. खाली बसून रडला.

रिकाम्या खोलीला सांगतोय. पोर बरी आहे, काल ऊन पडल्यापासून दूध ओढतेय. आई म्हणाली, बाप येईपर्यंत तिला नाव ठेवायचं नाही.

नाबोर, नको, असं नको—

उठला. दार ओढतोय. मी त्याच्या कानाशी ओरडतोय, मी येणार नाही, थांबू नका, तिला नाव ठेवा, मी सांगतो, माझ्या आईचं ठेवा, तिचं नाव—