शववाहिकेतून आलेली बावीस मतं

क्रोनविले, विस्कॉन्सिन
३० ऑक्टोबर

तीर्थस्वरूप जेनेव्हीव्हताईस,

लोरेटाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात हाडं शेकून निघतात असं तू दर पत्रात लिहितेस, तेव्हा एव्हाना तो चांगला खरपूस झाला असेल. इथे आम्ही सगळे ठीक. स्टॅनचा रक्तदाब वगैरे नेहमीचंच. सफरचंदं यंदा बरी झाली. तुझ्यासारखी समजूतदार, कुणाला कधी दुखावून न बोलणारी थोरली बहीण मला लाभली, ही देवाची कृपा मी हल्ली रोज आठवते. (का, ते पुढे कळेल. आधी पत्र सरळ वाच. शेवटचं पान उघडून बघायची तुझी लहानपणची खोड अजून गेली नसेल, म्हणून सांगते.)

तुला ठाऊक आहे की मी तेहेतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. राज्यघटना तडजोडीतून कशी जन्मली, हे मी या गावातल्या दोन पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं आहे, आणि त्यातली निम्मी पिढी आज एकमेकांच्या अंगणातल्या प्रचाराच्या पाट्या उपटत फिरते. तेव्हा मी आता निवृत्त बाई आहे, गप्प बसेन, असं ठरवलं होतं. पण आमचा ग्रामकारकून डेल होगलंड (लूथरन आहे, आपल्यासारखा कॅथलिक नाही, पण सज्जन आहे) गेल्या आठवड्यात दाराशी आला, टोपी हातात घेऊन पायपुसण्यावरच उभा राहिला, आणि म्हणाला की मेपल ग्लेन वृद्धाश्रमातल्या लोकांची मतं गोळा करायला दोन माणसं हवीत, दोन्ही पक्षांची एकेक. आमच्या रिपब्लिकनांपैकी मोकळी अशी मी एकटीच. मी विचारलं, समोरच्यांकडून कोण? डेल पायपुसण्याकडे बघत म्हणाला, “तुमच्या जाऊबाई.”

डार्लीन! आठ वर्षं मी जिच्याशी एक शब्द बोललेले नाही, ती डार्लीन. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तिनं माझ्या पक्षाला काय म्हटलं आणि मी तिच्या पक्षाला काय म्हटलं ते तुला दोन्ही बाजूंनी... नाही, माझ्या बाजूनं तरी पाठ आहे. तेव्हापासून आम्हा पावलाकांच्या घरात दोन टर्की भाजल्या जातात, दोन टेबलं मांडली जातात, आणि सासूबाई कुठल्याच टेबलावर न येता त्याच वृद्धाश्रमाच्या जेवणघरात डब्यातली क्रॅनबेरी खातात. नवरे मात्र मजेत. स्टॅन आणि त्याचा भाऊ हरणाच्या शिकारीला अजूनही एकाच मचाणावर बसतात. पुरुषांचं बरं असतं, ते एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे अबोला धरला काय नि न धरला काय.

मी नाहीच म्हणणार होते. पण डेल म्हणाला की सासूबाईंनी स्वतः फोन केला होता. आठ वर्षांत त्यांनी मत दिलेलं नाही. यंदा देणार, पण दोघी सुना एकत्र कागद घेऊन आल्या तरच. चौऱ्याण्णव वर्षांची बाई, ताई. पुढच्या निवडणुकीची खात्री कोण देणार? मी सही केली.

आता तयारी. नियम असा की आमच्यापैकी कुणाच्या अंगावर प्रचार दिसता कामा नये. सोमवारी सकाळी मी आपली निळी शाल घेऊन ग्रामसभागृहात गेले. निळा रंग पवित्र मेरीमातेचा, हे शाळेत सिस्टर ऑर्सुलानं आपल्याला छडीच्या टोकावर शिकवलं होतं. डार्लीन आली ती नाताळचा लाल स्वेटर घालून, छातीवर रेनडिअर, नाकाजागी लोकरीचा गोंडा. (ऑक्टोबरमध्ये!) डेलनं कपाळाला हात लावला. लाल आमचा पक्ष, निळा त्यांचा. म्हणजे मी शत्रूचा प्रचार करत होते आणि ती माझा. दोघींना कपडे उतरवायला लावले आणि कोठारातून दोन करडी जाकिटं काढून दिली. त्यांना उंदरांचा वास येत होता. वासानं मात्र पक्षापक्षांत भेदभाव केला नाही.

मग गाडी. माझ्या गाडीवर चार चिकटपट्ट्या आहेत, तिच्या गाडीवर सात. मतदानाच्या जागेपासून शंभर फुटांत असली गाडी चालत नाही. डेलची स्वतःची? तिच्या डाव्या बाजूला बायकोनं लावलंय, उजव्या बाजूला मुलानं. आम्ही तिघं रस्त्यावर उभं राहून गावातली एक तरी कोरी गाडी शोधत होतो आणि खरं सांगते, मला रडू यायला लागलं, कारण अशी गाडी अख्ख्या गावात एकच निघाली. टेस्मरची. टेस्मर अंत्यविधीचं काम करतो. त्याचं गिऱ्हाईक दोन्हीकडून येतं, त्यामुळे तो कधीच काही चिकटवत नाही.

तर अशा रीतीनं तुझी धाकटी बहीण काळ्याकुळकुळीत शववाहिकेचं चाक हातात धरून, शेजारी आठ वर्षांचा अबोला बसवून, मधे मतांची कुलूपबंद पिशवी ठेवून निघाली. पिशवी दोघींच्याही नजरेआड होता कामा नये, एकीनं दुसरीला सोडून जाता कामा नये, नाहीतर सगळी मतं बाद. (वाटेत पेट्रोलपंपावर डार्लीनला प्रसाधनगृहात जायचं होतं. आम्ही तिघी गेलो: ती, मी आणि पिशवी. याहून जास्त मी लिहिणार नाही.)

मेपल ग्लेनच्या दारात आम्ही थांबलो तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. सगळे म्हातारे खिडकीशी. शववाहिका बघून आत जो गोंधळ उडाला तो काय सांगू! परिचारिका टेबलाटेबलावर डोकी मोजत फिरत होती. लिंडक्विस्ट म्हातारा ओरडत होता, “कोण गेलं? मी नाही! मी इथे आहे!” ऑटिली ब्रँट तर हातातला काटा खाली न ठेवता दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, “बाई, माझी वेळ झाली असली तर येते, पण आज बटरस्कॉच पुडिंग आहे. तेवढं होऊ दे.” डार्लीन हसली. मीही हसले असते, पण ती आधी हसल्यामुळे मला गंभीर राहावं लागलं.

एकवीस मतं शिस्तीत झाली. ज्याला दिसत नाही त्याला आम्ही दोघी मिळून वाचून दाखवायचं, एकीनं वाचायचं, दुसरीनं आवाजात खोच नाही ना यावर लक्ष ठेवायचं. माझ्या आवाजात खोच आहे असं डार्लीननं नऊ वेळा नुसतं खाकरून कळवलं. बाविसाव्या सासूबाई. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक आडवं धरून खुणा केल्या, पाकीट चिकटवलं, आम्हा दोघींच्या सह्या होईपर्यंत त्यावर तळहात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, “हे दोघींनी मिळून पोचवा. पोचलं तर यंदा मी तुमच्या टेबलाशी जेवीन. एका टेबलाशी. नाही पोचलं तर मला न्यायला कुणी येऊ नका. या वर्षी नको आणि मग कधीच नको.” आणि डोळा मारला.

भांडण त्या डोळ्यावरूनच झालं. परतताना मैलभरावर डार्लीन म्हणाली (आठ वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य!), “आईंनी मत आमच्याकडे टाकलंय. मला डोळा मारला त्यांनी.” मी म्हटलं, डोळा मला मारला. “जाऊबाई, तुम्ही उजवीकडे होतात, डोळा डावा होता.” म्हटलं, डावा डोळा उजवीकडे बघू शकतो, तेवढं शरीरशास्त्र तुमच्या पक्षात अजून मान्य असेल. मग टर्की निघाली, मग कर निघाले, मग सासूबाईंची चांदीची चमचेदाणी निघाली (जिचा निवडणुकीशी काही संबंध नाही, पण ती डार्लीनकडे आहे), आणि मक्याच्या शेतांपाशी डार्लीन म्हणाली, “थांबवा गाडी.” मी थांबवली. मी नियम पाळणारी बाई आहे, पण कुणी थांबव म्हटलं की थांबवते. ती उतरली आणि गावाकडे चालू लागली.

पावणेचार वाजले होते. साडेचारला डेलचं कार्यालय बंद. गाव दोन मैल. मी पिशवी घेऊन पुढे गेले तर ती एकीच्या ताब्यात, म्हणजे बाद. बावीस म्हाताऱ्यांची मतं, त्यात सासूबाईंचं, कचऱ्यात. मी काच खाली केली आणि तिच्या चालीनं, रस्त्याच्या कडेकडेनं, पिशवी खिडकीतून तिला दिसेल अशी धरून, शववाहिका हाकू लागले.

आपल्याकडची माणसं तुला माहीत आहेत. एकमेकांच्या पाट्या उपटतील, पण अंत्ययात्रेला ओलांडून कुणी पुढे जाणार नाही. पहिल्यांदा दुधाचा टँकर आला, आम्हाला बघून मागे लागला आणि त्यानं दिवे लावले. मग क्रॅमरची गाडी, तिच्या पाठीवर आमच्या पक्षाचा झेंडा. मग शाळेतली नवी बाई, तिच्या गाडीवर त्यांच्या पक्षाची सगळी वाक्यं. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला थांबल्या. शेतात कापणीचं यंत्र थांबलं आणि त्यावरच्या माणसानं टोपी काढून छातीशी धरली. पुढे डार्लीन करड्या जाकिटात, मान खाली, पाय आपटत. लोकांना वाटलं, दुःखानं.

मी दबक्या आवाजात म्हणत होते, “आत बस, मागे चौदा गाड्या आहेत!” ती पुढे बघत म्हणत होती, “माफी मागा.” म्हटलं, कशाची? “यादी देते.” मी डोळ्याची माफी मागितली. चमचेदाणीवरचा हक्क सोडला. (तोंडी सोडला. कागद नाही.) आवाजात खोच होती हेही कबूल केलं. ती चालतच राहिली. मग मी एक शेवटचं वाक्य बोलले, आणि ती जागच्या जागी थांबली, वळली, दार उघडून आत बसली. काय बोलले ते इथे लिहीत नाही, हात दुखतो.

चार सव्वीसला आम्ही सभागृहापाशी पोचलो. मागच्या गाड्यांतून दोन्ही पक्षांचे लोक टोप्या हातात घेऊन उतरले आणि एका रांगेत उभे राहिले. आठ वर्षांत मी त्यांना एका रांगेत पाहिलं नव्हतं. डेल पांढराफटक होऊन बाहेर आला, “कोण गेलं?” डार्लीन आणि मी एकदमच म्हणालो, “कुणी नाही. मतं आणलीत.” दोघींच्या सह्या झाल्या. पिशवी पोचली.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी बहीण,
लोरेटा

ता.क. आमच्या घरी कुणीतरी गेलं अशी बातमी अजून पुरती विझलेली नाही. आजवर दुखवट्याची म्हणून नूडल्सची पाच भांडी आली. परत करायची तर कारण सांगावं लागेल, म्हणून आम्ही खातोय. स्टॅन म्हणतो, कोण गेलं ते कळलं नाही, पण माणूस चांगला असावा.

दुसरा ता.क. सासूबाईंना फोन करून विचारलं, मत कुणाला दिलंत? म्हणाल्या, “फक्त शेरीफला, तोही निवडणुकीला उभा आहे. त्याची आजी माझ्या वर्गात होती. वरची मोठी नावं तशीच कोरी सोडली. त्यांच्या घरचं कुणी मी ओळखत नाही.”

तिसरा ता.क. आणि हेच खरं पत्र. मक्याच्या शेतापाशी मी डार्लीनला म्हणाले, “माझी जेनेव्हीव्हताई पहिल्यापासून लिहितेय, डार्लीन हट्टी आहे, लोरेटा, तुझंच बरोबर.” ती थांबली. “जेनेव्हीव्ह? ती तर मला दर नाताळात लिहिते, लोरेटा हट्टी आहे, डार्लीन, तुझंच बरोबर.” आत बसून तिनं पाठ म्हणून दाखवलं. मी माझं म्हणून दाखवलं. नाव सोडलं तर, ताई, स्वल्पविरामसुद्धा तेच. शेवटच्या अर्ध्या मैलात आमचं आठ वर्षांतलं पहिलं एकमत झालं, ते तुझ्याविषयी. थँक्सगिव्हिंगचं टेबल एकच, माझ्याकडे. तुझी खुर्ची आम्हा दोघींच्या मधली. तुझ्या पत्रांचे दोन्ही गठ्ठे सासूबाईंकडे दिलेत, त्या टर्की कापण्याआधी मोठ्यानं वाचणार आहेत, एक यातलं, एक त्यातलं. गुडघ्याचं कारण चालणार नाही. तू आली नाहीस तर आम्ही दोघी तिकडे येऊ, तीन आठवडे राहायला, आणि रोज सकाळी तुला विचारू, कुणाचं बरोबर.