गवताशेजारचा हात

बाई, हे तुम्हाला सांगायला बसलेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी पोट धरून हसतील आणि मग गावभर करतील. तुम्हीही हसला असतात, वर एक चापट ठेवून दिली असतीत, पण गावभर नसतं केलंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नोकरी शिल्लक होती. माझी संपली, मी पेन्शनवर आले, गुडघ्याला पट्टा लावते. तरी 'बाई' म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते. आत्ताही झालीय, खुर्चीतल्या खुर्चीत.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एक ब्लॉग काढला. म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही भित्तिपत्रक लावायचात ना, तसंच, फक्त ही भिंत इंटरनेटवर असते आणि जगात कुठूनही दिसते. दिसते म्हणजे दिसू शकते. बघतं कोण? पान उघडलं की कोपऱ्यात आकडा येतो, आज किती जणांनी पाहिलं. बहुतेक दिवशी तिथं एक असतो, आणि तो एक म्हणजे मीच. लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला, त्याचं काही रडगाणं नाही. पण दिवसभरात तोंड उघडायचं ते दूधवाल्यापुरतं, तेव्हा माणूस भिंतीशी बोलणारच की.

भिंतीवर काय लावलं असेल, ओळखा. गवत! आपल्या सोलापूरच्या माळावरचं. कुंदा, मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. प्रत्येकाचं पान, तुरा, बी, मूळ. पावसातलं, थंडीतलं, वाळून काटकी झालेलं. फोटो काढणं सोपं हो, सांभाळणं महाकर्मकठीण. कॅमेरा त्यांना नाव देत नाही, नुसता नंबर देतो. चार दिवस हयगय केली की शेकडो फोटो साचतात, सगळे पिवळे-हिरवे, सगळे एकसारखे. मग मी एकेकाचं बारसं करत बसते: 'मारवेल, वैराग रस्ता, अश्विन'. एकच फोटो तीन लेखांत लावलेला असतो. जास्तीचा वाटून एकदा मुळातून पुसला, तर तिन्ही लेखांत करड्या रंगाची रिकामी चौकट उरली. त्या दिवशी मला ऑफिसातली आठवण झाली. तिथंही एका फायलीतून कागद काढला की भलतीकडचा कालवा बंद पडायचा.

हे वेड तुमचंच. रविवारची सकाळ आहे, शेवटची घरं मागं टाकून तुम्ही आम्हाला माळावर आणलंय. सुती साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात कॅमेरा. आमच्या सॉक्समध्ये कुसळं घुसलीत आणि मला घरी जायचंय. मी म्हणते, "बाई, इथं नुसतं गवतच आहे." तुम्ही थांबता. "'नुसतं गवत' असं नाव नसतं कशाचं. डोळे आहेत की बटणं शिवलीत? खाली बस." मी बसते. "डावा हात लाव शेजारी. सरळ. बोटं मिटून. अंगठा मागं." मला वाटतं आता छडी बसणार. तुम्ही फोटो काढता आणि म्हणता, "मोजपट्टी घरी विसरते, हात विसरत नाही. गवत केवढं, हे बघणाऱ्याला कळायला नको?" तेव्हापासून आजपर्यंत मी हाताशिवाय एकही गवत टिपलेलं नाही.

तुमच्या स्वतःच्या फोटोंतही तेच. उजव्या हातात कॅमेरा, डावा गवताशेजारी. अंगठ्याच्या मुळाशी स्पिरिटच्या दिव्यानं भाजल्याचा पांढरा डाग, पहिल्या बोटाला शाई. तुमच्या तेराव्यानंतर तुमचा भाचा माळशिरसहून बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे घेऊन आला, तुमच्या फोटोंच्या पारदर्शिकांनी, म्हणजे स्लाइड्सनी भरलेले. "मावशीनं सांगून ठेवलं हुतं, त्या पोरीला द्या म्हनून. आमाला काय कळतंय यातलं?" त्या पोरीचे केस तेव्हा पिकायला लागले होते, बाई. मी डबे घेतले, त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर दार लावून भरपूर रडले.

डबे कपाटात राहिले आणि इथल्या उन्हाळ्यांनी आपलं काम केलं. निवृत्तीनंतर उघडले तर निम्म्या पारदर्शिका लालभडक, बाकीच्या एकमेकींना चिकटलेल्या. एका स्टुडिओवाल्याकडून होत्या तेवढ्यांच्या प्रती काढून सीडीच्या चकतीवर घेतल्या, चकतीवरून ब्लॉगवर चढवल्या. पुढं चकतीही वाचता येईना. म्हणजे तुमचे जे काही फोटो उरले ते त्या भिंतीवर. आणि मी निर्धास्त! भिंतीला काय होतंय?

गेल्या चैत्रात भिंतीवर लाल पट्टी आली: जागा संपत आली आहे. कूलर लावून मी रोज दुपारी आवराआवर करायला बसायचे. मग एक युक्ती सापडली. एक सॉफ्टवेअर मिळालं, ते सगळे फोटो एका फटक्यात एकाच मापाचे चौकोनी कापून देतं. मधलं गवत ठेवतं, कडा उडवतं. जुन्या फायली आधी, ही माझी कारकुनी सवय. म्हणून सुरुवात तुमच्या फोटोंपासून केली. कापलेले वर चढवले, मूळचे पुसले. लाल पट्टी गेली, सगळं कसं नीटनेटकं, एका ओळीत दिसायला लागलं. मी खूश होऊन शिरा केला आणि एकटीनंच खाल्ला. माझे स्वतःचे फोटो कापायचे राहिले, कारण तोवर जागा झाली होती.

बाई, कडेला काय होतं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. बटणंच शिवलीत.

पावसाळा सरता सरता आपल्या वर्गातल्या आडतदाराचा फोन आला. तोच, वैरागचा, बेडकाला बघून चक्कर आलेला. आता त्याचं पोट दारातून आधी आत येतं. म्हणाला, "आगं, शाळेच्या प्रयोगशाळेला बाईंचं नाव द्यायचं ठरलंय. दिवाळीच्या आधी कार्यक्रम. पर बाईंचा फोटो न्हाय कुणाकडं. भाच्याकडं एक हुता, त्यो वाळवीनं खाल्ला. तुझ्याकडं आसंल की?"

चेहरा कुठून असणार? तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागं. वर्गाच्या फोटोतसुद्धा 'मी काढते' म्हणून निसटायचात. पण मला कसला तोरा चढला कोण जाणे. म्हटलं, "चेहरा नाही, पण हात आहे. बाईंचा हात माझ्याशिवाय जगात कुणाकडं नाही."

तो फोनवरच ओरडला, "व्हय की! आपुन हातच तर बगितला. तोंड वर करून बगायची छाती कुणाची हुती?" त्यानं सगळ्यांना कळवलं, सगळ्यांना पटलं. भिंतीवर बाईंचा हात लागणार, शेजारी गवत.

मी लगेच ब्लॉग उघडला. एक फोटो, दुसरा, दहावा. गवत, गवत, नुसतं गवत. एखाद्या कडेला बोटाचं टोक, एखाद्या ठिकाणी नखाची कड. मी खाली सरकवत राहिले, सरकवत राहिले. यादीत बोटभर आकाराच्या जुन्या छब्या तेवढ्या उरल्यात, त्यांत तुमचा हात आहे. मोठा करायला गेलं की त्याचे ठोकळे होतात, डाग कुठला आणि दगड कुठला, कळत नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, बाई. तुम्ही गेलात तेव्हा आजार होता, डॉक्टर होते, नशिबाला बोल लावता आला. या वेळी तुम्हाला मी घालवलं होतं, चांगल्या दिवसाढवळ्या, शिरा खाऊन.

आडतदाराला सांगायचं म्हणून रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी त्याचाच आला. "तू नगं तरास घेऊ. मीच तुज्या ब्लॉगवरनं उतरवून घेतला, छापायला बी टाकला. लई झ्याक आलाय हात!" माझा जीव भांड्यात पडला. एखादा सुटला असेल माझ्या तावडीतून! त्या आनंदात मी त्याला कुठला फोटो, तेही विचारलं नाही. इस्त्रीला साडी दिली.

प्रयोगशाळा आता रंगवून चकाचक केलीय, पण वास तोच. तुमच्या टेबलामागं भिंतीवर मोठी तसबीर, वर कापड, चौकटीला झेंडूचा हार. सध्याच्या मुख्याध्यापिकांनी कापड ओढलं. टाळ्या. मारवेलचा तुरा, शेजारी डावा हात, सरळ, बोटं मिटलेली, अंगठा मागं.

करंगळी वाकडी. लहानपणी माझी बोटं फाटकात सापडली होती ना, त्या करंगळीसारखी. नव्हे, तीच. मारवेल, वैराग रस्ता, अश्विन.

अहो, माझा हात! माझ्या जिवंत हाताला झेंडूचा हार! आई असती तर तिथंच मीठ-मोहऱ्या उतरवल्या असत्या. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आडतदार डोळे पुसत म्हणाला, "ह्योच की त्यो. ह्याच हाताची चापट खाल्लीया मी." मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, बोटं कशी करारी." पोटं सुटलेली, टक्कल पडलेली सगळी मोठाली माणसं माझ्या हाताकडं बघून हात जोडून उभी. अंगठ्याला डाग नाही, बोटाला शाई नाही, हे एकाच्याही लक्षात येईना. तेव्हा मला कळलं की तुमचा हात ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. इतकं एकटं मला रिकाम्या घरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं. मला बोलायला सांगितलं तर मी गवतावर बोलले. काय बोलले, आठवत नाही.

आभार झाले, चहा-चिवडा झाला. माढ्याची आपली ती मैत्रीण, तुमच्या तासाला सगळ्यात मागं लपणारी, ती तसबिरीपाशी एकटीच थांबली होती. तिनं पदरानं काच पुसली. मग आपला तळवा काचेवर ठेवला, नेमका त्या हातावर, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "बाई, लई उशीर झाला बगा यायला," असं काहीतरी पुटपुटली. मी दारात उभी राहून बघत होते.

हे सगळं मी ब्लॉगच्याच कोऱ्या पानावर लिहितेय. खाली दोन बटणं आहेत, एक जगाला दाखवायचं, एक नुसतं जपून ठेवायचं. मी जपून ठेवणार. छापलं तर आडतदाराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि तुमच्या नावाच्या खोलीतली तसबीर उतरवतील. लोकांना मी काय सांगेन ते माझ्याकडं तयार आहे: कार्यक्रमाचा विचका नको म्हणून गप्प बसले. चारचौघांत शोभून दिसणारं कारण आहे, कुणालाही पटेल.

पण तुमच्यापुढं खोटं बोलायची अजून छाती नाही. तपासणीला रक्त काढणारी मुलगी सोडली तर कित्येक वर्षांत माझ्या हाताला कुणी हात लावलेला नाही, बाई. माढ्याच्या मैत्रिणीनं काचेवर तळवा ठेवला तेव्हा इकडं दारात मी डावा हात पदराखाली घेतला आणि तिनं आपला तळवा काढू नये म्हणून गप्प उभी राहिले.