खाडीतल्या तीन जागा

कोपरी, ठाणे (पूर्व)
१४ एप्रिल २०२५

ती. धाकूमामांना दक्षताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि प्रणितदादाला मध्ये घालून हे विचारायचं नाहीये, म्हणून पत्र. मामा, माझी पार वाट लागलीय. एम.ए.चा शोधप्रबंध मॅडमनी परत केला. खाडीतल्या जुन्या मासेमारीचं अख्खं प्रकरण मी तुमच्या मुलाखतीवर उभं केलेलं. दिवाळीत विठ्ठलवाडीला येऊन तीन दिवस बसलेले, आठवतंय ना? जाळं लावायच्या तुमच्या घरच्या तीन जागा तुम्ही सांगितल्या, मी नकाशावर खुणा केल्या. परवा मॅडम स्वतः खाडीवर गेलेल्या. ओहोटीला तिन्ही जागी नुसता चिखल, जाळं लावण्याइतकं पाणीच नाही. खाडीवरचे जुने मासेमार काळुराम आजोबा, त्यांनी मॅडमना सांगितलं की तिथे कुणी कधी जाळं लावलेलंच नाही.

मॅडमना वाटतंय, मी मुलाखत घरी बसून रचली. दोन वर्षं शिकवण्या घेऊन शिकले, आणि हे ऐकायचं. आता २८ तारखेच्या आत खऱ्या जागा हव्यात, आणि एकमेकांना न विचारता त्याच जागा सांगणारी दोन माणसं. नाहीतर नापास, वर्ष गेलं. बाबांना या जागा माहीतच नाहीत. आईला विचारलं तर बोंबील साफ करत राहिली, म्हणाली मला काय ठाऊक. मामा, तुमची आठवण चुकली असेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. फक्त लवकर लिहा.

आजवर लाड केलेत, एवढा एक अजून करा.
तुमची दक्षता

विठ्ठलवाडी
१८ एप्रिल २०२५

चि. दक्षता हिला धाकूमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चहा तसाच गार झाला, सूनबाई ओरडली. आठवण चुकलेली नाही पोरी. मी खोटं सांगितलं.

आमच्या घरात जागा मुलाला सांगायची, बहिणीच्या घरी नाही. बहीण दिली की तिची होडी वेगळी. बापाने जाताना माझ्याकडून तसं वचन घेतलं. मागे सरकारी सर्व्हेवाले आले, त्यांनाही याच चिखलाच्या जागा सांगितल्या. तू वही काढलीस आणि तोंडातून तेच निघालं, ठरवावंसुद्धा लागलं नाही. होडी विकून अकरा वर्षं झाली. प्रणित कारखान्यात जातो, त्याने जागा कधी विचारल्याही नाहीत. मी कुणापासून लपवत होतो, मलाच कळेना. भाचीचं वर्ष घालवायला निघालो होतो, एवढं कळलं. फार लाज वाटते.

खऱ्या जागा सोबतच्या कागदावर काढल्यात, खाली सही आहे. मॅडमनी बोलावलं तर मी येतो. पण दुसरा माणूस कुठून आणायचा? या जागा माहीत असलेला मी एकटाच उरलोय. त्या काळजीने अन्न गोड लागत नाही. आणि तुझ्या आईला, मनूला, हे कसं सांगशील ते बघ. तिच्या नवऱ्याची होडी रिकामी परत यायची, तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.
धाकूमामा

कोपरी
२३ एप्रिल २०२५

ती. मामांना दक्षताचा सा. न.

रागावले. नाही कशाला म्हणू? कागद हातात घेऊन रडलेसुद्धा. मग आईला एवढंच सांगितलं की मामांनी खऱ्या जागा कळवल्या. कागद दाखवला नाही. ती हात पुसून उठली, माझा कोरा नकाशा मागितला आणि पेन्सिलने तीन खुणा केल्या.

मामा, तिन्ही तुमच्या कागदावरच्याच. लहानपणी तुमची भाकरी घेऊन ती काठावर यायची आणि तुमची होडी कुठे थांबते ते बघत बसायची. तिला सगळं ठाऊक होतं. बाबा रिकाम्या हाताने यायचे तेव्हाही, आणि या महिन्यात मी तिच्यासमोर डोकं धरून बसलेले तेव्हाही. मी तिला नाही नाही ते बोलले. बाबांनी तो नकाशा बराच वेळ बघितला आणि बाहेर निघून गेले. अजून तिच्याशी धड बोलत नाहीत.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बघितले. प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलंय, खोट्या जागा आणि त्या का सांगितल्या त्यासकट. पाच दिवस, चाळीस पानं. होईल की नाही माहीत नाही.

काल आईला विचारलं, इतकी वर्षं एक शब्द का नाही काढलास. ती म्हणाली, जागा भावाची होती, त्यानेच सांगायला हवी होती. लग्न झाल्यापासून ती त्याचीच वाट बघत होती म्हणे.

तुम्ही या. मॅडमना नंतर भेटा, आधी तिला भेटा.
तुमची दक्षता