अप्पन्नाच्या आईकडे तीन दिवस

२९ नोव्हेंबर १९६०, मंगळवार

जायचं ठरलं एकदाचं. लग्नाला सहा वर्षं झाली, ह्यांनी मला रायपूरच्या पुढं कुठं नेलं नाही. आता एकदम समुद्र! शेजारची शकुबाई म्हणाली, "समुद्र पाहाले चालल्या म्हणे? मजा हाय बाई तुयी." मी हसले. काय सांगणार तिला?

इथं तरी खरं लिहावं. आम्ही अप्पन्नाच्या आईकडे चाललो आहोत. तिचा मुलगा मेला, हे तिला सांगायला हे चालले आहेत. आणि ह्यांनी सांगू नये म्हणून मी चालले आहे.

३० नोव्हेंबर

आम्ही भंडाऱ्याकडचे. इथं भिलाईच्या कारखान्यात कितीही लोखंड उचला, पोळ्याला माणूस गावी बैलांपुढं उभा पाहिजे. आमचे बैल तर कधीच विकले, भावकीचे पुजायला जायचं! ठेकेदार सुट्टी देईना. हट्ट माझा होता. सासूबाई काय म्हणतील, लोक काय म्हणतील, रडून घेतलं. मग ह्यांनी आपलं टोकन अप्पन्नाला दिलं आणि आम्ही गाडीत बसलो.

अप्पन्ना आंध्रातला खलाशी, म्हणजे उंच चढून लोखंड बसवणारा, ह्यांचा जिगरी. आठ दिवस त्याला काम नव्हतं. टोकनाची अशी अदलाबदल सगळेच करतात, गेटवर टोकन पाहतात, तोंड कोण पाहतो? तो ह्यांच्या जागी वर चढला आणि साठ फुटांवरून पडला.

रजिस्टरात त्या दिवशी हजर कोण, तर फकिरा, म्हणजे हेच. फकिरा तर जिवंत आहे. म्हणजे कोणी मेलंच नाही! दोघाचौघांनी शिवनाथ नदीच्या काठावर त्याला जाळून उरकलं. बाकीच्यांना सांगितलं, अप्पन्ना राऊरकेल्याला पळाला. ठेकेदाराचा मुनीम ह्यांना म्हणाला, "चुप रहो, इसी में भला है."

१ डिसेंबर

पुन्हा भांडण. हे म्हणतात, "मले जेवन जात नाही, नलू. तिच्या पोराचं तिले मालूम व्हाले पाह्यजे." मी म्हटलं, जानेवारीत तुमचं प्लांटमध्ये पक्कं होणार आहे. क्वार्टर मिळणार आहे, घरात नळ, वीज. सुपेल्याच्या वस्तीतल्या ह्या टपरीत किती वर्षं काढायची? तोंड उघडलं की सगळं गेलं, वरून पोलीस.

ह्यांना लिहिता-वाचता येत नाही. अप्पन्नाच्या गावच्या मास्तरांना हिंदीत कार्ड मीच लिहिलं होतं – अप्पन्नाचे दोस्त, समुद्र पाहायला येतो. तेवढंच लिहिलं.

३ डिसेंबर

पोचलो. रात्रभर पॅसेंजर, मग विजयनगरमहून बस, मग चार मैल पायी. कढईतून पळीचा दांडा बाहेर यावा तशी जमीन समुद्रात गेलेली. तिन्ही बाजूंनी पाणी. मी पाहिलं आणि काही वाटलं नाही. सहा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो हा! सुकत घातलेल्या मासळीच्या वासानं नाकाला पदर लावला तेवढा.

म्हातारीचं नाव पोलम्मा. काटक, काळी, झपाझप चालणारी. पूर्वी खरगपूरला रेल्वे कॉलनीत कामाला होती, म्हणून मोडकं हिंदी येतं. आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, स्वतःची खाट दिली. मुलाबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्या पथ्यावरच पडलं.

४ डिसेंबर

तिनं आज आम्हाला फिरवलं. आधी समुद्रकाठचं देवीचं देऊळ. मग मिठागरं – चौकोनी वाफे, आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांसारखे, पण उगवतं काय तर मीठ. मग गोऱ्यांचं जुनं कबरस्तान. कोण कुठले साहेब, दोनशे वर्षांपूर्वी इथं येऊन मेले, त्यांच्या नावाचे दगड अजून उभे आहेत. हे त्या दगडांपाशी फार वेळ उभे राहिले. मी दंड धरून ओढून आणलं.

एक खोड आहे म्हातारीची. कुठंही नेते, दाखवते आणि मग खाली बसते. गप्प. ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहते. मला राग येतो. हिला काही घाई नाही का, घरी कामं नाहीत?

रस्त्यात भेटलेली माणसंही आम्हाला पाहून बोलणं थांबवतात. परक्यांची सवय नसावी.

५ डिसेंबर

आज झालं ते लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

सकाळी किनाऱ्यावर नेलं. इथं नाव म्हणजे चार ओंडके बांधलेले, बस! त्यावर बसून माणसं समुद्रात जातात. म्हातारी वाळूत बसली. ह्यांनी डोक्यावरचं फडकं काढलं आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. "अम्मा, एक बात कहनी है."

ती म्हणाली, "बोलो बेटा."

ह्यांनी तोंड उघडलं. मी मधे पडले. कुठून सुचलं देव जाणे! म्हटलं, "अप्पन्ना राऊरकेला में है अम्मा. बहुत अच्छा है. काम में है, चिट्ठी लिखने की फुरसत नहीं."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांना विचारलं, "अच्छा है?"

हे वाळूकडे पाहत होते. मग मान हलवली. हो म्हणून.

ती उठली, लुगडं झटकलं. "चलो, बत्तीघर देखना बाकी है."

बत्तीघराच्या, म्हणजे दीपगृहाच्या, एकशे बारा पायऱ्या आम्ही तिच्या मागं चढलो. वरून सगळा दांडा दिसतो – ताडाची झाडं, मिठागरं, गाव. फार सुंदर आहे. मी कठड्याला पाठ करून उभी राहिले.

६ डिसेंबर

निघालो. तिनं भाताची पुरचुंडी बांधून दिली. हे तिच्या पाया पडले, ती बाजूला झाली. बसपर्यंत आली नाही.

८ डिसेंबर

भिलाई. हे माझ्याशी बोलत नाहीत. शकुबाईला मी शिंपले दिले. "कसा असते व समुद्र?" मोठा असतो म्हटलं.

माझं काय चुकलं? दोघींपैकी एकीचा संसार तरी राहिला. मेलेला माणूस बोलल्यानं उठून येणार होता का? मी दहा वेळा विचार केला. दहाही वेळा मीच बरोबर निघते, आणि तरी ताटातला घास तसाच राहतो.

१९ डिसेंबर

ह्यांना प्लांटचं बोलावणं आलं. ९ जानेवारीला मुलाखत. मी साखर वाटली. ह्यांनी हातात घेतली आणि शेजारच्या पोरीला देऊन टाकली.

२२ डिसेंबर

दुपारी मास्तरांचं पत्र आलं. हिंदीत आहे. त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवते –

'पोलम्मा को सितंबर से सब मालूम है. गैंग का एक आदमी आकर बता गया था, टोकन की बात भी. आपका कार्ड आया तो उसने पूरे गाँव को मना कर दिया कि कोई कुछ न बोले. कहती थी, वे खुद बताने आ रहे हैं, उन्हें बताने दो. फकिरा भाई पर उसका गुस्सा नहीं था. उसने सिर्फ इतना पूछने को कहा है कि समुद्र कैसा लगा.'

हे संध्याकाळी पाचला कामावरून येतील. पत्र पाहतील आणि विचारतील, काय लिहिलं आहे वाच.